खरा आरोपी फळमाशी

१९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि शहापूर-मुरबाडच्या वरकस जमिनींवरही आंब्याची कलमे उभी राहिली. तिथे एक समज कानावर येतो: पडलेल्या आंब्यावर शेपटीसारखी नळी रोवून बसणारी बारीक गांधीलमाशीच फळ किडवते, म्हणून ती दिसली की फवारणी करावी. हे मत अगदीच निराधार नाही. ती फळात नळी खुपसते, हे खरे. सडक्या फळाखालच्या मातीतून तीच बाहेर पडते, हेही खरे. झाडावर जगणाऱ्या गांधीलमाश्याही आहेत. ऑस्ट्रेलियात एक जात लिंबूवर्गीय फांद्यांवर गाठी आणते. संशय स्वाभाविक आहे. निवाडा चुकला आहे.

बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही फळमाशी आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या गर खातात आणि मातीत उतरून कोष करतात. फोपियस अरिसानस ही गांधीलमाशी त्या अंड्यांत आपले अंडे घालते, तर डायाकास्मिमॉर्फा लाँगिकॉडाटा अळीत. नळीचा रोख गरावर नसतो, फळमाशीच्या वंशावर असतो. पुरावा हवा? किडका आंबा बरणीत मातीवर ठेवा, तोंडाला मलमल बांधा. एका कोषातून फळमाशी निघेल किंवा गांधीलमाशी. दोन्ही कधीच नाहीत. निघालेल्या प्रत्येक गांधीलमाशीमागे एक फळमाशी मेलेली असते. फळावर पोसलेला कीटक फळमाशीच्या कोषातून कसा निघेल?

जाणकार विचारील: अळी कोषापर्यंत जगते, मग आंबा वाचला कुठे? तो वाचत नाहीच. वाचतात ती पुढच्या पिढीच्या तावडीतली फळे. १९४०च्या दशकात ही फळमाशी हवाई बेटांवर पोचली. तिथे तिला आवर घालण्यात मोठा वाटा फोपियसचा होता. आपल्याकडे २०१० साली पपईवरच्या पिठ्या ढेकणाविरुद्ध ॲसेरोफॅगस पपायी ही इवली गांधीलमाशी पोर्टो रिकोहून आणली, आणि तो आटोक्यात आला.

आता फवारणीचे. फळातल्या अळीपर्यंत आणि मातीतल्या कोषापर्यंत औषध पोचत नाही. फळावर बसलेल्या गांधीलमाशीपर्यंत थेट पोचते. मग मारले कोणाला?

मिथाइल युजेनॉलचे सापळे लावा. त्यांत फळमाशीचे नर अडकतात. पडलेली फळे रोज वेचून जाळीच्या बंद तंबूत टाका. जाळी अशी निवडा की गांधीलमाशी निसटेल, फळमाशी आतच मरेल. हवाई आणि रियुनियन बेटांवर ही रीत वापरली गेली आहे. वाचकहो, पंप खांद्यावर घेण्याआधी ती बरणी एकदा भरून पाहा आणि निकाल तुम्हीच द्या.