उणे सबसिडीचं गणित

शेतकऱ्याला सरकार किती देतं, हे नुसत्या अर्थसंकल्पात शोधलं तर फसगत होते. १९७०च्या सुमाराला युरोपात हाच पेच होता. ब्रिटनमध्ये बाजारभाव कमी पडला की फरक सरकारी तिजोरीतून भरला जाई. तो हिशेबात दिसे. सामायिक बाजारातले देश मात्र आयात धान्यावर जकात लावून भाव चढे ठेवत. त्या चढ्या भावाचा बोजा तिजोरीच्या हिशेबात फारसा दिसत नसे, भुर्दंड पाव खाणाऱ्यावर पडे.

दोन्ही एका मापात मोजायची युक्ती टिम जोसलिंग या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७३मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी मांडली. सगळी धोरणं उठवली, तर शेतकऱ्याची मिळकत तेवढीच राहावी म्हणून रोख किती द्यावे लागतील? तेवढी सबसिडी. जकात, कोटा, बंदी यांची वेगवेगळी मोजदाद नको. बंदरातला भाव घ्यायचा, विनिमय दराने रुपयांत आणायचा, वाहतूक-हाताळणीचा हिशेब करून शेतापर्यंत न्यायचा आणि शेतकऱ्याच्या हाती पडलेल्या भावातून वजा करायचा. भावावर परिणाम करणाऱ्या धोरणांचा सगळा गुंता त्या फरकात उतरतो. आकडेवारी तुटपुंजी असलेल्या देशांना हे माप परवडतं ते त्यामुळेच.

१९८७मध्ये ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने ते उचललं. पुढे जागतिक व्यापार वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीत त्याचाच भाऊबंद शेतीच्या करारात शिरला, पण बंदरातला तो भाव, म्हणजे संदर्भभाव, १९८६-८८चा गोठवून. वाटाघाटीला सोयीचं, आजच्या शेतकऱ्याची स्थिती त्यातून कळणं कठीण.

श्रीमंत देशांची खैरात मोजायला काढलेली ही वजाबाकी आपल्याकडे ऋण निघाली. ‘उणे सबसिडी’ हा शब्द शेतकरी नेते शरद जोशींनी गावोगावच्या सभांत पोचवला. २०१८मध्ये ओईसीडी आणि दिल्लीची संशोधनसंस्था इक्रिअर यांनी २०००-०१ ते २०१६-१७ या काळाचा हिशेब मांडला: खत-विजेची सवलत जमेस धरूनही शेतीच्या एकूण मिळकतीच्या सरासरी उणे १४ टक्के.

अर्थात सगळी मदार संदर्भभावावर. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली, ती मे २०२४पर्यंत टिकली. माल बंदरातून जातच नसेल तर तिथला भाव कुठून आणायचा? मग दुसऱ्या निर्यातदार देशाचा भाव उसना घ्यावा लागतो. त्यांचा कांदा आणि लासलगावचा कांदा यांच्या प्रतीत फरक किती धरायचा, यावर उणे आकडा लहानमोठा होतो. आणि हा फरक धरणारा माणूस सहसा दिल्लीत बसलेला असतो.