मऊ बिस्किटाची गोष्ट : भट्टीपासून आपल्या कढईपर्यंत

 

आजचा विषय लेकरांच्या आवडीचा आहे. दोन चॉकलेटी बिस्किटं आणि मधे पांढरी क्रीम. ती घरी मऊ कशी करायची, हे आपण शेवटी बघूच. पण त्याआधी एक प्रश्न. लाडू आपण घरी करतो. चकली, शेव, पापड, कुरडया घरी करतो. पुरणपोळीसारखा अवघड पदार्थ घरी करतो. मग बिस्किटच तेवढं कायम दुकानातून का आलं? ते करायला अवघड म्हणून? नाही. त्यामागं मोठा इतिहास आहे, आणि त्यात बायकांचाही वाटा आहे.

सुरुवात शब्दापासून करू. बिस्किट हा शब्द मूळ लॅटिन भाषेतला. त्याचा अर्थ दोनदा भाजलेलं. एकदा भाजायचं, मग पुन्हा भट्टीत घालून त्यातला ओलावा घालवायचा. कशासाठी? टिकण्यासाठी. युरोपातले खलाशी महिनोन् महिने समुद्रावर असायचे, सैन्य लांब लांब जायचं. त्यांच्याबरोबर मऊ भाकरी कशी टिकणार? म्हणून दगडासारखं कडक बिस्किट. म्हणजे बिस्किट कडक झालं ते चवीसाठी नाही, प्रवासासाठी. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता आपल्या चुलीकडे येऊ. आपल्या घरात खालून जाळ असतो. तवा, कढई, पातेलं, सगळं खालच्या आचेवर. बिस्किटाला मात्र चारी बाजूंनी सारखी धग लागते. अशी धग आपल्याला माहीतच नव्हती असं नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजतात, पानगे भाजतात, तीच ती धग. पण ते शेतात, देवाच्या नवसाला, कधीमधी. रोजच्या घरात भट्टी नव्हती. भट्टी गावाबाहेर किंवा बाजारात, आणि तिथं रात्रभर राबणारे बहुतेक पुरुषच.

या भट्ट्या आपल्याकडे बाहेरच्या लोकांबरोबर आल्या. गोव्यात पोर्तुगीज आले आणि पाव आला. पाव हा शब्दही त्यांचाच. खमिराची सोय नव्हती तेव्हा पीठ फुगवायला ताडी वापरत. सुरतेला डच व्यापाऱ्यांची भट्टी होती. ते गेल्यावर ती एका पारशी माणसानं चालवली आणि तिथून नानकटाई निघाली, असं सुरतेत सांगतात. पुढं इराणी लोक आले. पुण्याची कयानी बेकरी १९५५ सालची, तिची श्रूजबेरी बिस्किटं सगळ्या महाराष्ट्रात गेली.

पण मैत्रिणींनो, भट्टी आली म्हणून लगेच बिस्किट घरात आलं असं झालं नाही. आडवी आली ती जात आणि विटाळ. भट्टीवाला मुसलमान, ख्रिस्ती नाहीतर पारशी. त्याच्या हातचं ओलं पीठ, त्यात ताडी, कधी अंडं. असलं खाल्लं तर धर्म बुडाला, असं समजत.

याची मोठी गोष्ट पुण्यात घडली. साल १८९०. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली नामवंत मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. तिथं चहा आणि बिस्किटं पुढं आली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात घेऊन बाजूला ठेवला. पुढं गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. मग जो गदारोळ उठला! ज्यांनी घेतला आणि ज्यांनी नाही घेतला, सगळेच अडचणीत. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, आणि १८९२ सालापर्यंत ते चालू होतं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं.

एक कप चहा आणि एक बिस्किट, त्यासाठी एवढं! आणि विचार करा, हा त्रास शहरातल्या शिकलेल्या पुरुषांना झाला. श्राद्ध अडलं, लग्नकार्यात पंगत तुटली की खरी ओढाताण घरातल्या बायकांची होते. सासर एकीकडे, माहेर एकीकडे. आणि ज्यांच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेत नव्हतं, त्या घरांतल्या बायांचं काय, हे तर त्या वादात कुणी विचारलंही नाही.

त्यातूनही धंदा करणाऱ्यांनी वाट काढली. १८९८ साली दिल्लीत हिंदू बिस्किट कंपनी निघाली. आमच्याकडे वरच्या जातीचेच हात पिठाला लागतात, असं ती सांगायची. बिस्किट चालेल, पण हात कुणाचा ते आधी सांगा! म्हणून आम्हाला वाटतं, आज आपल्या गटात सगळ्या समाजाच्या बाया एका परातीत पीठ मळतात आणि एकाच ताटातलं खाऊन बघतात, ही साधी गोष्ट नाही.

आपल्या भागात बिस्किट आलं ते पुण्याहून कमी, हैदराबादहून जास्त. देगलूर १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होतं. पुढं १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. पण आपल्या एका अंगाला तेलंगणा, दुसऱ्या अंगाला कर्नाटक, ते तसंच राहिलं. कोर्टकचेरी, शिक्षण, दवाखाना, सगळ्याला हैदराबाद. तिथल्या इराणी हॉटेलांत चहाबरोबर मिळणारं खारट-गोड उस्मानिया बिस्किट शेवटच्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या नावाचं. फाळणीत सिंध सोडून आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३ साली तिथं कराची बेकरी काढली. आजही हैदराबादहून कुणी आलं की लेकरं आधी पिशवी उघडून बघतात.

त्यानंतर आले कारखाने. मुंबईच्या विलेपार्ल्याला १९२९ साली पारलेचा कारखाना सुरू झाला. आधी गोळ्या, मग दहा वर्षांनी ग्लुको बिस्किट. पुण्याला साठे बिस्किट कंपनी होती. यंत्राचं बिस्किट, त्याला कुणाचा हात लागतो ते दिसत नाही. विटाळाचा प्रश्न असाच हळूहळू मागं पडला. पुडा स्वस्त, आजारी माणसाला चालतो, पाहुण्याला चालतो. बिस्किट गावोगाव गेलं.

आणि ते जोडीचं बिस्किट? इंग्लंडात १९१० साली बुर्बॉन निघालं, अमेरिकेत १९१२ साली ओरिओ. दोन चॉकलेटी बिस्किटं, मधे क्रीम. ओरिओ आपल्या देशात आलं २०११ साली, म्हणजे शंभरएक वर्षांनी. अमेरिकेच्या खेड्यांत याचाच मऊ भाऊ आहे. त्याला व्हूपी पाय म्हणतात. केकचं उरलेलं पीठ वाया जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांच्या बायका त्याचे छोटे गोळे भाजायच्या, दोहोंच्या मधे क्रीम भरायच्या आणि शेतावरच्या डब्यात द्यायच्या, असं तिकडं सांगतात.

आता सुरुवातीची गोष्ट आठवा. कारखान्याचं बिस्किट कडक असतं, कारण त्याला लांब जायचं असतं आणि महिनोन् महिने टिकायचं असतं. मधली क्रीमसुद्धा बहुतेक पुड्यांत दुधाची नसते. उन्हाळ्यातही घट्ट राहील असं वनस्पती तेल आणि साखर असते. पुड्याच्या मागची बारीक अक्षरं लेकीकडून वाचून घ्या. मऊ बिस्किट दोन-तीन दिवसांचं. ते दुकानाच्या फळीवर थांबत नाही. म्हणून ते घराचं आणि शेजारपाजारचं.

बायका बिस्किटाजवळ आल्या त्या डबे घेऊन. उन्हाळ्याच्या सुट्टीत नाहीतर दिवाळीला मैदा, साखर, तूप नाहीतर डालडा घेऊन बेकरीवर जायचं, मजुरी द्यायची, आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई आणायची. साहित्य आपलं, भट्टी त्याची. ही अर्धी वाट झाली. उरलेली अर्धी कढईनं पुरी केली.

चॉकलेटचंही ऐका. कोकोच्या बिया मूळच्या अमेरिका खंडातल्या. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हान हाउटेन यांनी त्यातलं तूप दाबून काढायची रीत शोधली, म्हणून आज कोरडी कोको पावडर मिळते. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत कोको पिकतो. मंगळूरला शेतकऱ्यांची कॅम्पको ही सहकारी संस्था आहे. तिनं १९८६ साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. पिकवणाऱ्यांनीच पक्का माल केला.

आता कृती. कागद-पेन घ्या. अर्धी वाटी लोणी आणि पाऊण वाटी पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेटा. एक वाटी मैदा, पाव वाटी बिनसाखरेची कोको पावडर, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ दोनदा चाळून त्यात घाला. पाव वाटी दूध थोडं थोडं घालत भज्याच्या पिठापेक्षा घट्ट करा. फार घोटू नका, चिवट होतं. मऊपणा जास्त टिकायला थोडी साखर कमी करून तेवढी गुळाची पावडर घाला.

जाड कढईत दोन वाट्या जाडं मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, घट्ट झाकण लावून दहा मिनिटं तापवा. ताटलीला तूप लावा, चमच्यानं लहान लहान गोळे अंतर ठेवून घाला, आणि झाकण लावून मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं भाजा. कुकर वापरला तर रिंग आणि शिट्टी काढूनच. वरून बोट लावल्यावर खड्डा भरून आला की काढा. तेव्हा ती मऊच लागतात, थोडी कच्ची वाटतात. घाबरू नका, आणि अजून पाच मिनिटं ठेवूही नका. तिथंच ती कडक होतात.

क्रीमला चार चमचे बिनपाण्याचं लोणी, आठ चमचे पिठीसाखर, दोन थेंब व्हॅनिला इसेन्स. बिस्किटं पूर्ण गार झाल्यावरच भरा. आपल्याकडच्या वैशाखात लोणी वितळतं, म्हणून उन्हाळ्यात आयत्या वेळी भरा.

आता गटाचा हिशोब. समजा गावात रोज पाच रुपयांचे चाळीस पुडे खपतात. दिवसाला २०० रुपये, महिन्याला ६,००० रुपये गावाबाहेर गेले. पण पाच रुपयांच्या पुड्याशी भावात झुंजायला जाऊ नका, लोणी-कोकोच्या किमतीत ते बसणार नाही. आपलं मऊ बिस्किट वाढदिवसाला, हळदीकुंकवाला, शाळेच्या कार्यक्रमाला, आदल्या दिवशी सांगितलं की ताजं, असं विका. जे काम लांबचा कारखाना करू शकत नाही, तेच आपलं. आधी एका घाण्याचा गॅस, साहित्य आणि तुमची मजुरी लिहून काढा, मगच भाव ठरवा. मजुरी धरायला विसरू नका. विकायला सुरुवात करण्याआधी अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या.

पापड लाटणाऱ्या सात बायांनी १९५९ साली मुंबईच्या गिरगावात ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. पुढं त्याच संस्थेनं बेकरीच्या मालातही हात घातला. त्यांच्याकडेही पहिल्या दिवशी यंत्र नव्हतं, पोळपाट-लाटणंच होतं.

तर या आठवड्यात एक घाणा करून बघा. पहिला बिघडला तरी लेकरं संपवतीलच. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत लिहा, किती मिनिटांना मऊ निघाली आणि एका घाण्याला किती खर्च आला. रामराम.