उसवलेले सांधताना

आमचे मामू मोंढ्यात हमाल. जांघेतली गाठ त्यांनी सात वर्षे लपवली. लुंगीखाली पट्टा कसून ते क्विंटलची पोती उचलत. 'आंत उतरी' असे मामी दबक्या आवाजात सांगायच्या. मामूंना भीती दोन गोष्टींची होती: ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने खाटेवर पडावे लागेल आणि हमाली कायमची सुटेल. त्यांची समजूत घालायची म्हणून मी या आजाराचा इतिहास वाचू लागलो.

मराठीत याला अंतर्गळ म्हणतात, अरबीत 'फत्क'. फत्क म्हणजे उसवणे. त्याच्या उलट 'रत्क', म्हणजे सांधणे. पोटाची भिंत एखाद्या जागी कमजोर होते आणि आतडे तिथून बाहेर डोकावते. प्रश्न एवढाच, की उसवलेले सांधायचे कसे?

इसवी सन १००० च्या सुमारास कुर्तुब्याजवळ अबुल कासिम अल-जहरावी यांनी 'किताब अल-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ पूर्ण केला. शस्त्रक्रियेवरच्या शेवटच्या भागात अंतर्गळावर तापल्या लोखंडाने डाग देण्याची रीत आहे. जखमेचा घट्ट व्रण वाट बंद करील, ही कल्पना. बाराव्या शतकात तुलेदो येथे हा भाग लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातले वैद्य तो शतकानुशतके वाचत राहिले. पण त्या काळी भूल नव्हती, जंतूंचे ज्ञान नव्हते. रुग्णाने दीर्घकाळ पडून राहायचे.

खरा बदल इटलीतल्या एदोआर्दो बास्सिनी यांनी केला. १८६७ मध्ये रोमजवळच्या लढाईत त्यांच्या स्वतःच्या जांघेत संगीन घुसली होती. १८८४ पासून पादुआ येथे त्यांनी पोटाच्या भिंतीचे थर ओळखून ते टाक्यांनी पुन्हा जोडायला सुरुवात केली. गाठ परत येण्याचे प्रमाण खूप घटले. तरी एक उणीव राहिली. दूरचे स्नायू ओढून शिवले, की टाक्यांवर ताण येतो. तंग सदऱ्याची शिवण पहिल्यांदा जिथे ताण तिथेच जाते, तसे.

विश्रांतीची समजूत बदलली कॅनडात. टोरांटोच्या डॉ. शोल्डाइस यांनी १९४५ मध्ये फक्त अंतर्गळाचे रुग्णालय काढले. थरावर थर शिवायचे, जागेपुरती भूल द्यायची आणि रुग्णाला लगेच चालायला लावायचे, अशी त्यांची पद्धत होती.

ताणाचा प्रश्न जाळीने सोडवला. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या डॉ. लिख्टेनश्टाइन यांनी स्नायू न ओढता कमजोर जागेवर प्लास्टिकची जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली. आपल्या भाषेत, ओढून शिवण्याऐवजी ठिगळ. १९९० नंतर दुर्बिणीतून जाळी बसवणे सुरू झाले. त्यात दुखणे कमी आणि माणूस कामावर लवकर परततो. पण पूर्ण भूल लागते, खर्च जास्त, आणि सर्जनचा हात त्यात मुरलेला हवा. तसा असेल तर गाठ परत येण्याच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक राहत नाही.

आणि जाळी महाग म्हणून गरिबाने काय करायचे? धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. पुढे युगांडात सुमारे ३०० पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची बाजारातल्या महाग जाळीशी तुलना झाली. २०१६ मध्ये निकाल आले: वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात फक्त एकाची गाठ परतली होती, महाग जाळीच्या गटात कोणाचीच नाही.

हे सगळे मी मामूंना सांगितले. ते म्हणाले, "मग सजदा कधी करता येईल, ते विचार." डॉक्टरांनी जाळीचे उघडे ऑपरेशन केले. दुसऱ्या दिवशी मामू वॉर्डात चालत होते. काही दिवस नमाज खुर्चीवर झाली. दीड महिन्यानंतर डॉक्टरांच्या परवानगीने त्यांनी पोत्याला हात लावला.

मामूंचे नशीब, की त्या सात वर्षांत आतडे अडकले नाही. गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या झाल्या, तर पट्ट्याच्या भरवशावर थांबू नये. त्याच घडीला दवाखाना गाठावा. आता मोंढ्यात कोणी पोते टेकवून जांघ दाबताना दिसला, की मामूच त्याला बाजूला घेऊन विचारतात, "कितने दिन से छुपा रहा है?"