ल्वार खोऱ्यातील सायकलप्रवास

ल्वार खोऱ्यातील सायकलप्रवास : फ्रान्समधल्या सर्वांत लांब नदीच्या काठाने, नव्हेर शहराजवळच्या कुफी गावापासून अटलांटिक किनाऱ्यावरील सँ-ब्रेव्हँ-ले-पँपर्यंत जाणारा सु. ९०० किमी. लांबीचा सायकलमार्ग आणि त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या लहान ग्रामीण रस्त्यांवरचा प्रवास. मार्गाचे अधिकृत नाव ‘ला ल्वार आ व्हेलो’. नदीकाठच्या दोन प्रादेशिक शासनांनी १९९०च्या दशकात त्याची आखणी हाती घेतली. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या आंतरराष्ट्रीय सायकलमार्गाचा तो पश्चिमेकडचा भाग आहे. सुली आणि शालोन या गावांमधल्या खोऱ्याला यूनेस्कोने २००० साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. राजवाड्यांचे खोरे म्हणून त्याची ओळख आहे. सायकलस्वाराच्या दृष्टीने मात्र राजवाड्यांहून बंधारे महत्त्वाचे. इथला सपाट रस्ता ही पुराशी शतकानुशतके चाललेल्या झुंजीची कमाई आहे आणि हे ध्यानात ठेवले की मार्गाची बरीचशी वळणे आपोआप उलगडतात.

ल्वार आर्देश विभागातल्या जेर्बिये द जाँ या डोंगराच्या पायथ्याशी, सु. १,४०० मी. उंचीवर उगम पावते आणि १,००० किमी.हून थोडे अधिक अंतर कापून सँ नाझेरपाशी समुद्राला मिळते. आधी ती उत्तरेकडे धावते, ऑर्लेआंला वळसा घालून पश्चिमेकडे झुकते. उंचीतली बहुतेक घट वरच्या डोंगराळ टप्प्यातच संपते. नव्हेरजवळ नदी समुद्रसपाटीपासून पावणेदोनशे मीटरांच्या आसपास असते, म्हणजे तिथून पुढे किलोमीटरमागे जेमतेम फूटभर उतार. ‘नदीबरोबर जायचे म्हणजे उतारावरून जायचे’ असा हिशेब करून निघालेल्यांची इथे फसगत होते. एवढा उतार पायांना कळत नाही. कळतो तो समुद्राकडून येणारा पश्चिमेचा वारा, आणि उघड्या बंधाऱ्यावर तो समोरून असेल तर दुपारपर्यंत मांड्या भरून येतात. म्हणून अनुभवी लोक बऱ्याचदा उलटी दिशा धरतात : समुद्राकडून निघून देशाच्या आत.

जुन्या नावाड्यांनी नेमके हेच केले होते. रेल्वे येईपर्यंत ल्वार हा फ्रान्सचा एक मोठा मालवाहू रस्ता होता. सपाट तळाची, मोठ्या चौकोनी शिडाची लाकडी गलबते नांतहून मीठ आणि साखर भरून पश्चिमेच्या वाऱ्यावर प्रवाहाविरुद्ध ऑर्लेआंपर्यंत येत, आणि परतीला प्रवाहाच्या जोरावर वाइन आणि धान्य घेऊन खाली जात. वरच्या डोंगराळ भागात देवदारी लाकडाच्या स्वस्त नावा बांधत. त्या कोळसा घेऊन एकदाच खाली यायच्या, मुक्कामी पोचल्यावर मोडून लाकूड म्हणून विकल्या जायच्या. १८४६ साली ऑर्लेआं ते तूर ही रेल्वे सुरू झाली, १८५१ मध्ये रूळ नांतला पोचले आणि हा व्यापार पाहता पाहता बसला. गावोगावचे दगडी फरसबंद धक्के राहिले. आज त्यांवर बाकडी आहेत, आणि काही ठिकाणी सायकलमार्गाच्या पाट्या.

नदीला बांध घालण्याचे काम त्याही आधीचे. बाराव्या शतकात आंझूचा काउंट आणि इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने बांधांवर वस्ती करून त्यांची राखण करणाऱ्यांना सवलती दिल्या. सतराव्या शतकात, चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याच्या काळात, बांध उंच आणि सलग झाले. त्यांना ‘लव्हे’ म्हणतात. पात्र आवळले गेले तसे पाणी चढू लागले, ते चढले की बांध आणखी उंच करावे लागत. १८४६, १८५६ आणि १८६६ या तीन सालांच्या महापुरांनी ही शर्यत उघडी पाडली. जुन्या काठावरच्या घरांच्या, चर्चच्या आणि पुलांच्या दगडांवर या सालांच्या आडव्या रेघा कोरलेल्या दिसतात. काही रेघा सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्याही वर असतात. पर्यटनपत्रके ल्वारला ‘युरोपातली शेवटची रानटी नदी’ म्हणतात. हे फार तर अर्धे खरे. वाळूची बेटे, उन्हाळ्यात तिथे अंडी घालणारे कुररी पक्षी आणि दरवर्षी बदलणारे प्रवाह पाहिले की विशेषण पटते. पण त्याच काठावर बेलव्हिल, दांपिएर, सँ-लोराँ आणि शिनाँ अशी चार अणुवीज केंद्रे नदीच्या पाण्यावर थंड होत उभी आहेत. राजवाड्याचा फोटो काढताना त्यांचे मनोरे कडेला ठेवण्याची कला प्रवाशांना लवकर अवगत होते.

मार्गाचा पूर्वेकडचा टप्पा, नव्हेर ते ऑर्लेआं, सर्वांत कमी गजबजलेला. इथे बराच प्रवास ल्वारला समांतर खोदलेल्या कालव्याच्या काठाने होतो. वाटेत सांसेरची टेकडी लागते. गाव आणि द्राक्षमळे नदीपासून दीडशे मीटर उंचावर आहेत, तेव्हा वाइनसाठी चढ चढायचा की खालून निघून जायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. ब्रीआर येथे १८९६ साली झालेला ६६२ मी. लांबीचा जलसेतू आहे. पोलादी पाटातून कालवा नदीच्या डोक्यावरून पलीकडे जातो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या अरुंद पदपथांवर सायकल हातात धरून चालणे सोयीचे, कारण एका बाजूला कालव्याचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली नदी असते. सुलीच्या पुढे सँ-बन्वाचा रोमनेस्क मठ आणि जवळच जेर्मिन्यी-दे-प्रेचे छोटे प्रार्थनास्थळ आहे. ते शार्लमेनच्या दरबारातला विद्वान बिशप तेओदुल्फ याने ८०६च्या सुमारास बांधवले. त्यातले सोनेरी मोझेइक चुन्याच्या थरांखाली शतकानुशतके झाकलेले होते, ते एकोणिसाव्या शतकात उघडकीला आले. शांबोरच्या राजवाड्याला जाणाऱ्या गर्दीतले थोडेच लोक इथे थांबतात. थांबावे.

ऑर्लेआं ते तूर हा राजवाड्यांचा पट्टा. १५१९ मध्ये पहिल्या फ्रान्स्वाने सुरू केलेले शांबोर ल्वारवर नाही, कोसाँ या छोट्या नदीवर आहे. त्याच्या शिकारीच्या रानाला ३२ किमी.चे कुंपण आहे आणि सायकलमार्ग त्या रानातून जातो. झाडी संपते आणि धुराड्यांनी, कळसांनी गजबजलेले छप्पर एकदम समोर येते. मोटारीच्या वाहनतळावरून येणाऱ्याला हा अनुभव मिळत नाही. राजाने स्वतः मात्र तिथे सगळे मिळून काही आठवडेच काढले. आंब्वाझला लिओनार्दो द व्हिंची १५१६ साली राजाच्या निमंत्रणावरून आला आणि २ मे १५१९ रोजी तिथेच वारला. शेर नदीवर पुलासारखे पसरलेले शनोंसो मुख्य मार्गापासून दक्षिणेला आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त आणि मुक्त प्रदेशांमधली सीमा शेर नदीवरून जात होती, त्यामुळे या राजवाड्याचे दालन एका प्रदेशात सुरू होऊन दुसऱ्यात संपत असे.

तूरच्या खाली प्रदेशाचा रंग बदलतो. इथल्या टेकड्या ‘त्यूफो’ या मऊ, फिकट चुनखडीच्या आहेत. दगड करवतीने कापता येतो आणि उघड्यावर तो उजळ पांढरा दिसतो. राजवाडे, चर्च, गावची घरे, सगळे या दगडाचे. जो दगड बाहेर गेला त्याच्या जागी टेकडीत पोकळी राहिली, आणि त्या पोकळ्याही वाया गेल्या नाहीत. सोम्यूरच्या परिसरात त्यांत माणसे राहिली, वाइन मुरत ठेवली गेली, एकोणिसाव्या शतकापासून अळिंबीची शेती झाली. सुझे-शांपिन्यी गावात सायकलमार्गच खडकात शिरतो. उन्हातून आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही, हवा तळघरासारखी गार होते, भिंतींत जुन्या घरांची दारे-खिडक्या कोरलेल्या दिसतात आणि काही वळणांनंतर रस्ता द्राक्षमळ्यांत बाहेर पडतो. या टप्प्यावर दक्षिणेचा काठ धरावा. उत्तरेच्या बांधावरून डी ९५२ हा वाहता मोटारमार्ग जातो; नदी तिथूनच अधिक छान दिसते, पण ट्रक अंगावरून जात असताना नदी पाहायला कोणाला सवड असते? कांद-सँ-मार्तँ येथे व्हियेन नदी ल्वारला मिळते. तूरचा बिशप संत मार्तँ ३९७ साली याच गावी वारला. थोडे आत फोंतव्रो मठात दुसरा हेन्री, राणी एलिनॉर आणि सिंहहृदयी रिचर्ड यांच्या समाधिमूर्ती आहेत; बांधाच्या राखणदारांना सवलती देणारा तो हेन्री हाच.

आंझेच्या पुढे खोरे रुंद होते, द्राक्षमळे मुस्कादेच्या वाइनचे होतात आणि नांतनंतर भरती-ओहोटीची खाडी सुरू होते. खाडी ओलांडायला पूल नाही अशा ठिकाणी विभागाची तर चालते, तीत सायकलस्वाराला भाडे पडत नाही. सँ-ब्रेव्हँच्या किनाऱ्यावर चिनी वंशाचे शिल्पकार हुआंग योंग पिंग यांनी २०१२ साली उभारलेला अजस्र सर्पाचा धातूचा सांगाडा आहे. मार्ग तिथे संपतो.

या प्रदेशाचे सायकलशी नाते या मार्गाहून जुने आहे. १९०३च्या पहिल्या तूर द फ्रान्स शर्यतीचा अखेरचा टप्पा नांत ते पॅरिस होता. १८९६ साली सुरू झालेली पारी–तूर ही शर्यत अजूनही दर शरदात होते. तिचा निकाल चढांपेक्षा वाऱ्यावर ठरत आला आहे. पाठीशी वारा असताना मातेओ त्रेन्तिन याने २०१५ मध्ये ती ताशी ४९.६४ किमी. या सरासरीने जिंकली. शर्यतीवाचूनच्या, भटकंतीच्या सायकलीचा फ्रान्समधला आद्य प्रचारक पोल द व्हिव्ही (१८५३–१९३०) ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ल्वार विभागातल्या सँतेत्येनहून मासिक काढत असे. गिअर बदलता येणाऱ्या सायकलीचा त्याने आग्रह धरला. तूर द फ्रान्सने अशा सायकलींना १९३७ पर्यंत दाद दिली नाही. १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाल्यावर दोन आसनी सायकलींवरून गावोगाव हिंडणारी जोडपी सर्रास दिसू लागली. पुणे, मुंबई, नाशिक येथे २०० ते ६०० किमी.च्या ज्या ‘बीआरएम’ राइड होतात, त्यांचे नियम याच भटक्या परंपरेतल्या पॅरिसच्या क्लबाने घालून दिलेले आहेत.

रस्त्यांविषयी : ‘डी’ क्रमांकाचे विभागीय रस्ते लहान आणि सहसा शांत असतात. गावाबाहेर मोटारीने सायकलस्वारापासून दीड मीटर अंतर राखून पुढे जायचे असते आणि चालक बहुधा ते राखतात. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते. आपल्याकडच्या माणसाने हा नियम निघण्यापूर्वी पाठ करावा. कानात इअरफोन घालून सायकल चालवणे बेकायदा आहे. अधिकृत मार्गावर डांबराबरोबर दाबलेल्या वाळूचे पट्टेही आहेत, त्यामुळे शर्यतीच्या अगदी अरुंद टायरांपेक्षा थोडे रुंद टायर बरे. हिवाळ्यात पाणी चढले की नदीलगतचे काही तुकडे बंद होतात. दुपारी आणि सोमवारी लहान गावांतली दुकाने बंद असतात. पावाची खरेदी सकाळीच उरकावी. पाण्यासाठी फ्रेंच सायकलस्वार गावाच्या दफनभूमीत शिरतात, कारण कबरींवरच्या फुलांसाठी तिथे नळ असतो. पिण्यास अयोग्य अशी पाटी नसल्याची खात्री करून बाटली भरावी. ‘आक्यी व्हेलो’ असा फलक लावलेली निवासस्थाने मार्गापासून पाच किमी.च्या आत असतात आणि तिथे सायकल बंदिस्त जागेत ठेवता येते. ज्यांना वाऱ्याशी झुंजायचे नसेल त्यांच्यासाठी उन्हाळ्यात ऑर्लेआं आणि नांत यांदरम्यान सायकली नेण्याची खास सोय असलेल्या गाड्या धावतात.