खवट तेल आणि आयएनएस ३१९

आमच्या मुकुटबनात आजी जवसाचं तेल थोडंथोडंच आणायची. लवकर खवट होतं ना! आता पाकिटातलं तेल महिनोन्‌महिने टिकतं. बऱ्याचदा त्यामागे असतं टीबीएचक्यू, लेबलवर ‘आयएनएस ३१९’. ऑक्सिजनमुळे तेल बिघडण्याची साखळी ते मधेच तोडतं. अमेरिकेने १९७२ मध्ये त्याला परवानगी दिली, जपानने नाही. भारतात तेलात मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम. डब्ल्यूएचओ-एफएओच्या तज्ज्ञांनी ठरवलेलं रोजचं सुरक्षित प्रमाण शरीराच्या दर किलोला ०.७ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२ मिलिग्रॅम, अर्थात २१० ग्रॅम तेल! २० किलोच्या लेकराला मात्र ७० ग्रॅमच. तेवढं तेल रोज पोटात जात असेल, तर आधी तेलाचीच काळजी करा.