बंदिशीचा सोर्स कोड

ओपन सोर्सचा इतिहास कुणी सांगायला घेतला की गाडी हमखास अमेरिकेतल्या एका प्रिंटरपाशी येऊन थांबते. एमआयटीच्या प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला, तो सारखा अडकायचा, रिचर्ड स्टॉलमनला त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटीशी सुधारणा करायची होती, आणि ज्याच्याकडे सोर्स होता त्याने तो द्यायला नकार दिला. "नाही देता येणार, तसा करार झालाय." या नकारातून पुढे १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा झाली, १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला, १९९१ मध्ये लिनक्स... आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे सगळं आरतीसारखं पाठ असतं.

मला मात्र त्याच्याआधी ऐंशी वर्षं आपल्याकडे घडलेली एक गोष्ट जास्त जवळची वाटते. त्यात प्रिंटरऐवजी तंबोरा आहे, आणि नायक आहे मुंबईतला एक वकील. नकार मात्र अगदी तोच.

आधी थोडं आमच्या गावाबद्दल. मी राहतो केडगावला. (नगरचं केडगाव, दौंडजवळचं नव्हे. हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं!) इथे रेणुकामातेचं देऊळ आहे, नवरात्रात गर्दी असते, आणि नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावासारखी भजनाची परंपरा आहे. भजनातली चाल कुणाच्या मालकीची नसते. शेजारच्या गावच्या बुवांनी एखादा अभंग नव्या चालीत म्हटला, आवडला, की पुढच्या एकादशीला तो आपल्या गावात. कुणी परवानगी मागत नाही, कुणी अडवत नाही. याच जिल्ह्यात नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, म्हणजे संस्कृतातलं कुलूपबंद ज्ञान मराठीत मोकळं झालं. तेव्हा मोकळेपणा आपल्याला नवा नाही. पण तो देवळाच्या ओट्यावर होता. दरबारात, घराण्यांच्या बैठकीत वेगळाच कारभार चालायचा.

तिथे बंदीश ही मालमत्ता होती. उस्ताद शिष्याला स्थायी शिकवायचे आणि अंतरा राखून ठेवायचे, अशा आठवणी पुष्कळ आहेत. मुलीच्या लग्नात जावयाला बंदिशी हुंड्यात दिल्याच्या गोष्टीही सांगतात. गाणं शिकायचं तर घर सोडायचं, गुरूच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरायचं, आणि गुरू प्रसन्न झाला तर झाला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरचं गाणं महाराष्ट्रात आणलं ते असेच हाल काढून.

ही झाली नकाराची बाजू. आता आमचे वकीलसाहेब.

विष्णू नारायण भातखंडे. जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत वाळकेश्वरला. एल्फिन्स्टनमधून पदवी, मग कायद्याची पदवी, काही काळ कराचीत वकिली. १८८४ मध्ये ते मुंबईच्या 'गायन उत्तेजक मंडळी'त दाखल झाले. पारशी मंडळींनी काढलेली ही संस्था. तिथे त्यांना नामवंत गवयांकडून शेकडो धृपदं आणि ख्याल शिकायला मिळाले. पुढे १९०० मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये मुलगी गेली. संसार असा संपल्यावर हा माणूस उरलेलं आयुष्य एकाच कामाला लावतो. देशभर हिंडायचं, गवयांना भेटायचं, पोथ्या पाहायच्या आणि जे मिळेल ते लिहून घ्यायचं. १९०४ मध्ये दक्षिणेत मद्रास, तंजावर, एट्टयपुरम. पुढच्या चार-पाच वर्षांत नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, अलाहाबाद, बनारस. एट्टयपुरमला त्यांना सुब्बराम दीक्षितर भेटले. त्याच वर्षी, १९०४ मध्ये, दीक्षितरांनी आपल्या घराण्यातल्या रचना स्वरलिपीसकट तेलुगूत छापून मोकळ्या केल्या होत्या. म्हणजे दक्षिणेत कुणीतरी आधीच 'रिलीज' केलेलं होतं!

आपल्याकडेही भातखंडे पहिले नव्हेत, हे सांगायला हवं. बडोद्यात मौलाबक्षांनी त्यांच्याआधीच स्वरलिपी तयार केली होती, आणि १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने तिथे गायनशाळाही निघाली होती. विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि त्यांचीही स्वतःची लिपी होती. म्हणजे एकाच वेळी तीन-तीन फॉरमॅट. आम्हा लोकांना हे चित्र फार ओळखीचं आहे. :-)

या मारामारीत भातखंड्यांची लिपी का पसरली? मला वाटतं, ती साधी होती म्हणून. बघा ना: कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. समेला गुणाकाराची खूण, खालीला शून्य, टाळीला आकडे. मींड असेल तर वर कमान. झालं! वहीत पेन्सिलीने उतरवता येतं, फळ्यावर खडूने लिहिता येतं आणि दुसऱ्याला पाच मिनिटांत समजावता येतं. युनिक्सवाले ज्याला 'प्लेन टेक्स्ट' म्हणून डोक्यावर घेतात, ते हेच. जे कुठल्याही खास यंत्राशिवाय वाचता येतं, ते टिकतं.

यात एक गंमत मला फाईली टाईप करताना दिसली. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात वेदपठणाच्या खुणा आहेत: अक्षराखालची आडवी रेघ आणि अक्षरावरची उभी रेघ. म्हणजे कोमल रिषभ रे॒ असा आणि तीव्र मध्यम म॑ असा सरळ लिहिता येतो. खालच्या टिंबाला नुक्ता, वरच्याला अनुस्वार. ना वेगळा फॉन्ट, ना वेगळं सॉफ्टवेअर. शंभर वर्षांपूर्वीचा फॉरमॅट आजच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये जसाच्या तसा बसतो, याहून चांगलं डिझाइन कोणतं?

नुसता सोर्स टाकून भागत नाही, सोबत डॉक्युमेंटेशन लागतं. भातखंड्यांनी तेही लिहिलं. १९१० च्या सुमारास 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ आला, 'चतुर पंडित' या टोपणनावाने. मग त्यावरचं विवेचन म्हणून 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' चार भागांत, १९१० ते १९३२, चक्क मराठीत. तेही गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात: शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतो. म्हणजे आजच्या भाषेत नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. रागांची दहा थाटांतली वर्गवारीही यातूनच रूढ झाली. आणि १९२० च्या आसपासपासून आली ती 'क्रमिक पुस्तक मालिका'. सहा भाग, सुमारे १,८०० बंदिशी, स्वरलिपीसह. ज्या अंतऱ्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं पाणी भरलं, तो आता पुस्तकात छापलेला. विकत घ्या आणि गा.

हे सगळ्यांना रुचलं असं नाही, आणि मला त्या उस्तादांना खलनायक करायचं नाही. आपण नेहमी ही गोष्ट 'कंजूष उस्ताद आणि उदार पंडित' अशी सांगतो, पण पोटाचं काय? संस्थानिकाच्या मर्जीवर चूल पेटणाऱ्या गवयाकडे जमीन नाही, पेन्शन नाही, आहे ती फक्त पन्नास-शंभर दुर्मिळ बंदिशींची शिदोरी. तीच उद्या सगळ्यांकडे असेल तर त्याला कोण बोलावणार? हा प्रश्न आजही कुठल्याही ओपन सोर्स चर्चेत पहिल्या पाच मिनिटांत येतो. 'फुकट दिलं तर खायचं काय?'

इतिहासाने दिलेलं उत्तर अर्धंच आहे. भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, १९१८ मध्ये ग्वाल्हेरला आणि १९२६ मध्ये लखनौला संगीताची महाविद्यालयं निघाली. त्यामुळे काही कलावंतांना शिकवण्याचा पगार मिळू लागला. कोड मोकळा आणि प्रशिक्षणाचे पैसे. लिनक्सच्या कंपन्या पुढे याच वाटेने चालल्या. पण ज्यांना शाळेच्या चौकटीत शिकवता येत नव्हतं, ज्यांची पाटी जुनी होती, त्यांना या व्यवस्थेत जागा कमीच मिळाली. शाळा चालवणंही सोपं नव्हतं. खुद्द पलुस्करांच्या मुंबईतल्या विद्यालयाची इमारत १९२० च्या दशकात कर्जापायी गेली.

दुसरा आक्षेप जास्त तांत्रिक आहे: स्वरलिपी म्हणजे गाणं नव्हे. अगदी मान्य. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजानचं गाणं ग्रामोफोनवर उतरलं. तबकडी जेमतेम तीन मिनिटांची, पण त्यात गळा होता. आमच्या भाषेत तबकडी म्हणजे बायनरी: चालते, पण उघडून बदलता येत नाही. स्वरलिपी म्हणजे सोर्स: वाचता येते, बदलता येते, पण तो चालवायला गळ्याचं यंत्र लागतं आणि ते यंत्र बाजारात मिळत नाही. अल्लादियाखाँसाहेबांचं (१८५५ ते १९४६) तर व्यावसायिक ध्वनिमुद्रणच नाही. तरी त्यांची जयपूर गायकी जिवंत राहिली, ती केसरबाई, मोगूबाई अशा शिष्यांच्या गळ्यांतून. भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर, ज्यांच्या हाताशी सगळं छापील भांडार होतं, तेसुद्धा गाणं शिकायला उस्ताद फैयाजखाँसमोर बसले. यातच सगळं आलं. सोर्स मोकळा झाल्याने गुरूची गरज संपली नाही. फक्त गुरू लाभला नाही म्हणून बंदीश मरायची, ते थांबलं.

आता तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. क्रमिक पुस्तकं उघडा. राग आहे, ताल आहे, शब्द आहेत, स्वर आहेत. नसते ती एकच ओळ: ही बंदीश कोणाकडून मिळाली. भातखंड्यांनी स्वतःचं नावही टोपणनावांआड लपवलं, तेव्हा यात श्रेय लाटण्याचा हेतू मला दिसत नाही. पण परिणाम व्हायचा तो झाला. ज्यांच्या कंठातून हे धन आलं, त्या उस्तादांची नावं बंदिशींपासून सुटली.

ओपन सोर्स परवान्यांत हाच मुद्दा अतिशय काटेकोर असतो. बीएसडी घ्या, जीपीएल घ्या. कोड वापरा, बदला, विका, पण मूळ लेखकाची नोंद पुसायची नाही. 'मोकळं' म्हणजे 'बेवारशी' नव्हे. उस्तादांची खरी भीती कदाचित हीच असेल. बंदीश जाण्याचं दुःख त्यांनी सोसलंही असतं, नाव जाण्याचं सोसवत नाही. आणि एकदा ओळ तुटली की नंतर कुठल्याही हुशार प्रोग्रॅमने ती परत जोडता येत नाही.

भातखंडे १९ सप्टेंबर १९३६ रोजी गेले. भारतीय कॉपीराइट कायद्याने तेव्हा लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं हक्क राहत. त्या हिशोबाने त्यांनी हयातीत छापलेली पुस्तकं १९८७ पासून सर्वांची झाली. (मुदत साठ वर्षांवर गेली ती १९९२ च्या दुरुस्तीने, रवींद्रनाथांचे हक्क संपत आले तेव्हा.) नंतरची हिंदी भाषांतरं वेगळी, त्यांचे हक्क वेगळे. पण मूळ मराठी मजकूर तुमचा-माझा आहे. कुणीही टाईप करावा, सुधारावा, वाटावा.

मी शनिवार-रविवारी तेच थोडं थोडं करतो. एक बंदीश, एक फाईल. वर चार-पाच ओळींचं शीर्षक: राग, ताल, लय, मूळ पुस्तक. आणि एक ओळ जास्तीची: 'कोणाकडून'. पुस्तकातून घेतलेल्या बंदिशींसमोर ती बहुतेक वेळा रिकामीच राहते. रिकामी असली तरी मी काढत नाही. निदान इथे कुणाचं तरी नाव होतं, एवढं तरी वाचणाऱ्याला कळावं.

तुमच्या घरी कुणी गाणारं असेल, आजीची ओवी असो की बुवांची चाल, तर ती जरूर लिहून ठेवा, फोनवर रेकॉर्ड करा, खुशाल वाटा. फक्त त्यांचं नाव आधी लिहा, स्वर मागून लिहा. स्वर पुन्हा कुणीतरी शोधून काढेल.