'पर्पल रेन' : एका क्षमायाचनेचा इतिहास

एखादे प्रेमगीत चाळीस वर्षे टिकले की त्याचे श्रेय आपण सहसा शब्दांना देतो. प्रिन्स या अमेरिकी गायकाच्या 'पर्पल रेन'बाबत हा हिशेब जुळत नाही. त्यातले शब्द मोजके आहेत आणि शीर्षकातला जांभळा पाऊस अखेरपर्यंत पुरता उलगडत नाही. मग ऐकणाऱ्याचा कंठ का दाटून येतो? उत्तरासाठी आम्हांला या गाण्याच्या जन्मकथेकडे वळावेसे वाटते.

ऑक्टोबर १९८१मध्ये लॉस एंजेलिस येथे 'रोलिंग स्टोन्स' या रॉक वाद्यवृंदाच्या मैफलीआधी तेवीस वर्षांचा प्रिन्स गायला उभा राहिला. श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली, हाताला लागेल ते त्याच्यावर भिरकावले. वस्तुतः रॉक संगीत कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमधूनच वाढले. परंतु तोवर ते गोऱ्या तरुणांची मिरास मानले जाऊ लागले होते. प्रिन्सला जे दार बंद झाले, ते त्याच्या आजोळचेच होते.

पुढे ३ ऑगस्ट १९८३ रोजी मिनियापोलिस या आपल्या गावी, 'फर्स्ट अव्हेन्यू' या क्लबात, त्याने हे गाणे प्रथम लोकांसमोर गायिले. कार्यक्रम एका नृत्यसंस्थेच्या मदतीसाठी होता. वेंडी मेल्वॉइन ही एकोणीस वर्षांची गिटारवादक त्या रात्री त्याच्या वाद्यवृंदासह प्रथमच जाहीरपणे वाजवीत होती. बाहेर उभ्या केलेल्या गाडीत ध्वनिमुद्रण चालू होते. नंतर त्यातले एक कडवे गाळले गेले, तंतुवाद्यांची भर पडली; पण आज आपण ऐकतो तो गाभा त्याच रात्रीचा.

रॉक बॅलड हा प्रकार संथ लयीत सुरू होऊन गिटारच्या शिखराकडे चढत जातो. प्रिन्सने हाच साचा घेतला. मात्र त्यात प्रियकराची फुशारकी भरली नाही. त्याचा नायक आरंभीच, तुला दुःख द्यायचे नव्हते, अशी कबुली देतो. १९८४च्या त्याच नावाच्या चित्रपटात या कबुलीला आणखी धार येते. तिथला तरुण गायक बापाच्या हिंसेत वाढलेला असून स्वतःही प्रेयसीवर हात उगारतो. वाद्यवृंदातल्या दोन स्त्रियांनी रचलेली चाल तो तुच्छतेने बाजूला सारतो. बाप स्वतःवर गोळी झाडून घेतो, तेव्हा कुठे हा ताठा मोडतो. मग तो बापाची आठवण काढून त्या स्त्रियांचीच चाल गातो. क्षमा मागणाऱ्याला आधी आपला अहंकार खाली ठेवावा लागतो, हे त्या प्रसंगातून उमगते.

आमच्या मते गाण्याची खरी शक्ती याच्याही पुढे आहे. सुमारे पावणेनऊ मिनिटांच्या या रचनेत साधारण निम्म्या वाटेवर शब्द सरतात. तिथून गिटार बोलू लागते आणि मागोमाग उंच पट्टीतला निःशब्द आलाप येतो. सांगण्यासारखे सांगून झाले आहे, उत्तर मात्र आलेले नाही, अशी ती अवस्था. आपल्या भाषेत तिला 'आळवणी' म्हणावे लागेल. समोरची व्यक्ती क्षमा करते की नाही, हे गाणे सांगत नाही; ती जागा ऐकणाऱ्यासाठी मोकळी राहते, आणि ज्याने कधी कोणाला दुखावले आहे तो तिथे आपसूक जाऊन उभा राहतो.

१९८४मध्ये हे गाणे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. त्याच नावाचा संग्रह चोवीस आठवडे अग्रस्थानी राहिला. १४ एप्रिल २०१६ रोजी अटलांटा येथील अखेरच्या मैफलीतही प्रिन्स ते गायिला. २१ एप्रिलला तो गेला. त्या रात्री 'फर्स्ट अव्हेन्यू'बाहेरच्या रस्त्यावर हजारो लोक जमले आणि त्यांनी ते गाणे म्हटले. १९८३मध्ये याच जागी श्रोत्यांना त्याचा एक शब्दही ठाऊक नव्हता. या वेळी गाणारा नव्हता, आणि त्याची आळवणी पुरी करायला सारा रस्ता उभा होता.